प्रचारवाल्यांच्या मोबाइलमध्ये आपलं अख्खं घर कसं येतं? आणि मत कोणाला दिलं, तेही कळतं का?

बोरीकाठ

राम राम मंडळी. गाव पारोळा तालुक्यातलं, मतदार साधारण अकराशे, मतदान केंद्र एकच. प्रचाराला येणारा पोरगा मोबाइलवर आडनाव टाकतो आणि घरातली सगळी नावं, वयं, यादी भाग, अनुक्रमांक त्याच्यापुढे हजर. कमरेला लावलेल्या छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी निघते, वर उमेदवाराचा फोटो. काहींच्या नावापुढे फोन नंबरही असतो आणि हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका.

त्यावरून पारावर एकच बोलणं चालतं: "त्यासले समदं कयस, मत कोणले दिधं तेबी कयस." म्हाताऱ्या माणसांनी तर हे धरूनच ठेवलंय. योजनेचे पैसे बंद होतील या धास्तीनं कोणी सांगेल तिथं बटण दाबतात, कोणी जातच नाहीत.

आमच्या मित्रमंडळाला गावात एक बैठक घ्यायची आहे. ही माहिती येते कुठून, त्यात कायदेशीर किती, मत खरंच कळतं का, आणि मतदार यादीवर लोकांचा भरवसा बसावा म्हणून मंडळानं प्रत्यक्षात काय करावं? ऐकीव नको, नियम आणि नमुना क्रमांकासकट सांगा. पक्षाचं नाव कोणी काढू नये, सगळेच करतात.

मेहरूण_तलाव

भाऊ, आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. त्या मोबाइलमध्ये दोन थर असतात. खालचा थर सरकारी आणि वरचा कार्यकर्त्यांनी भरलेला. लोक दोन्ही एकच समजतात, तिथून सगळी भीती सुरू होते.

खालचा थर म्हणजे मतदार यादी. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग, ओळखपत्राचा क्रमांक. यादी प्रसिद्ध करणं कायद्यानं बंधनकारकच आहे, आणि मान्यताप्राप्त पक्षांना ती मतदार नोंदणी नियम १९६० प्रमाणे फुकट मिळते: एक छापील प्रत, एक संगणकीय. हे गैर नाही. यादी उघडी असते म्हणून तर खोटं नाव पकडता येतं. यादीत फोन नंबर नसतो, जात नसते, योजना नसते. आधार क्रमांकही नसतो.

संगणकीय यादी २०१८ पासून चित्राच्या रूपात मिळते, त्यात शब्द शोधता येत नाही. शोधता येईल अशी यादी द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८ मध्ये फेटाळली. म्हणून ॲप बनवणारे त्या चित्रांवरून अक्षरओळख करणारं सॉफ्टवेअर फिरवतात आणि उरलेलं हातानं टाइप करून घेतात. चुका इथंच शिरतात. जोडाक्षरं फुटतात, 'कैलास'चा 'केलास' होतो, वयातले ३ आणि ८ एकमेकांच्या जागी बसतात. खेड्यात घर क्रमांकाची तर बोंबच असते. घरांना नंबरच नसतात, त्यामुळे यादीत कुठं शून्य, कुठं रेघ, कुठं एकाच नंबराखाली साठ-सत्तर माणसं. ॲप 'एक आडनाव अधिक एक घर क्रमांक म्हणजे एक कुटुंब' असं जोडतं. मग भावकीतली पाच घरं एका चुलीवर येतात, नाहीतर सासू एका घरात आणि सून दुसऱ्याच घरात निघते. एका घर क्रमांकावर भरमसाट नावं दिसली की लगेच 'बोगस मतदार' म्हणून ओरडू नका. आधी गावात घरांना नंबर आहेत का, ते बघा.

वरचा थर फोन, जात, लाभार्थी आणि ठिपक्यांचा. फोन नंबर येतात ते मिस्डकॉल सदस्यत्वातून, आरोग्य शिबिराच्या वहीतून, हळदीकुंकवाच्या आणि स्पर्धेच्या कूपनांतून, आणि 'अर्ज भरून देतो' म्हणून मांडलेल्या टेबलांवरून. जातीचा रकाना बऱ्याचदा आडनावावरून भरतात, आणि आपल्याकडं तो हमखास फसतो. पाटील मराठा असतो, लेवा असतो, गुजर असतो, कोळीही असतो. चौधरी आणि महाजन यांचंही तेच. पुण्या-मुंबईत बसून ॲप बनवणाऱ्याला हे ठाऊक नसतं.

आणि ठिपका? बूथप्रमुख किंवा पन्नाप्रमुख (यादीचं एक पान वाटून दिलेला कार्यकर्ता) गल्लीत फिरताना 'आपला, डळमळीत, त्यांचा' असा अंदाज लावतो, तोच रंग. यादीच्या एका पानावर जेमतेम तीस नावं असतात, त्यामुळे एका माणसाला ते जमतं. तो मतदानाचा पुरावा नव्हे, शेजाऱ्याचं मत आहे. दारात कोणाचा झेंडा लागला, कोणाच्या लग्नाला कोण आलं, एवढ्यावर लावलेला.

गल्ली_नं_५

धुळ्याहून. मत कळतं का, याचं उत्तर दोन भागांत: एका माणसाचं मत यंत्रातून कळत नाही. मतदान केंद्राचं एकूण कळतं.

एका माणसाचं का नाही? केंद्रावर नमुना १७-अ ही नोंदवही असते. तिच्यात यादीतला तुमचा अनुक्रमांक, ओळखीचा पुरावा आणि सही-अंगठा. कोण आलं ते त्यात आहे, कोणतं बटण दाबलं ते नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं, मतदाराचं नाव नसतं. आणि ती हातात मिळत नाही, पेटीत पडते. मतदानाची गुप्तता राखणं केंद्रावरच्या प्रत्येकावर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२८ नं बंधनकारक आहे, ती फोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मग गुप्तता फुटते कुठं? यंत्राबाहेर. तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं, 'सोबती'. अंध किंवा अपंग मतदाराला नियम ४९-न प्रमाणे सोबती नेता येतो. सोबती अठरा वर्षांपुढचा हवा, त्यानं लेखी घोषणापत्र द्यायचं, केंद्राध्यक्षानं नमुना १४-अ मध्ये नोंद करायची, आणि सोबत्यानं दिवसभरात एकाच मतदाराचा सोबती व्हायचं. एकच कार्यकर्ता सकाळपासून चौथ्या आजीला धरून आत नेत असेल तर तिथल्या तिथं केंद्राध्यक्षाकडं हरकत घ्या. केवळ म्हातारपण किंवा लिहिता-वाचता न येणं हे सोबती नेण्याचं कारणच नाही. त्यासाठीच तर चिन्ह असतं.

दुसरं, मोबाइल. केंद्रात न्यायला बंदी आहे ती यासाठीच. बटण दाबतानाचा फोटो दाखवा आणि पैसे घ्या, हा धंदा त्याशिवाय चालत नाही.

तिसरं, बाहेर जाणाऱ्या चिठ्ठ्या. आत बसलेला उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी यादीवर खुणा करतो, ते त्याचं कामच. पण मतदान संपेपर्यंत ती यादी बाहेर नेता येत नाही, आणि 'हे अनुक्रमांक झाले, हे राहिले' अशा चिठ्ठ्या बाहेर पाठवायलाही मनाई आहे. सर्रास पाठवतात. दुपारी तीननंतर 'तुमचं मतदान राहिलंय' असा फोन येतो तो इथून. त्यानं लोकांना वाटतं, यांना सगळंच दिसतंय.

केंद्राचं मत मात्र उघड असतं. नमुना २० या अंतिम निकालपत्रकात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते छापलेलं असतं आणि कोणालाही मिळतं. तुमच्या गावात केंद्र एकच, म्हणजे गावानं काय केलं ते ओळीत दिसतं. पण अकराशेपैकी सातशेंनी मतदान केलं आणि एखाद्याला २६० मिळाली, तर ते २६० कोण, हे त्यातून निघत नाही. वरच्या आळीनं दिली की खालच्या, तेही नाही.

तरी गावाला धमकावायला एवढंही पुरतं: 'लीड दिली नाही तर रस्ता विसरा.' मतपत्रिका होत्या तेव्हा नियम ५९-अ प्रमाणे अनेक केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजायची सोय होती. ईव्हीएमसाठी निवडणूक आयोगानं २००८ मध्ये टोटलायझर सुचवला. चौदा यंत्रांपर्यंतची बेरीज एकदम दाखवणारं उपकरण ते. विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, पण केंद्र सरकारनं ते मान्य केलं नाही. माझ्या मते गावपातळीवरची दहशत कमी करणारा याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. पण बूथवार आकडे सगळ्याच पक्षांना हवे असतात, मग मागणी कोण करणार!

बोरीकाठ

'अंदाज आणि पुरावा वेगळा' हे बैठकीत सांगण्याजोगं आहे. पण आमच्याकडं दुसरीही कुरबुर आहे. काहींची नावं यादीतून गेली, आणि ती अमक्यांनी काढली असं म्हणतात. असं बाहेरच्या माणसाला करता येतं का?

केळीचं_पान

अर्ज करता येतो, नाव काढता येत नाही. फरक मोठा आहे.

नमुना ६ नवीन नावासाठी, ७ नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी, ८ दुरुस्ती, स्थलांतर आणि दुसऱ्या ओळखपत्रासाठी. नमुना ७ त्याच मतदारसंघातला कुठलाही मतदार दुसऱ्याविरुद्ध भरू शकतो. म्हणून ज्याच्याकडं यादी आणि ओळखपत्रांचे क्रमांक आहेत, त्याला गठ्ठ्यानं अर्ज टाकायचा मोह होतो. पण अर्ज आला की बीएलओनं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं) घरी जाऊन चौकशी करायची, मयत सोडून बाकी बाबतीत मतदाराला नोटीस द्यायची, आणि निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्यानं घ्यायचा. म्हणजे विधानसभेच्या यादीसाठी बहुधा प्रांत.

कर्नाटकातल्या आळंद मतदारसंघाचं प्रकरण बैठकीत सांगा, कलबुर्गी जिल्ह्यातलं आहे. २०२३ च्या विधानसभेआधी तिथं नाव वगळण्याचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. तपासणीत २४ खरे निघाले, ५,९९४ चुकीचे. अर्जदार म्हणून ज्यांची नावं होती त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. एका बीएलओच्या स्वतःच्या नातेवाइकाचं नाव अर्जात आलं आणि बिंग फुटलं. गुन्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये नोंदला गेला. पुढं सप्टेंबर २०२५ मध्ये ऑनलाइन अर्जासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून ई-सही लागू झाली. त्या प्रकरणात चौकशी झाली म्हणून नावं वाचली. जिथं बीएलओ घरी न जाता शेरा मारतो, तिथं वाचत नाहीत. खरं भोक इथं आहे.

मंडळानं करायचं काम कंटाळवाणं आहे, पण यानंच फरक पडतो. तुमच्या यादी भागाची ताजी प्रत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवा, छापा. अकराशे नावं म्हणजे चाळीसेक पानं. गल्लीवार वाटून घ्या आणि समोर चार खुणा करा: आहे, मयत, गाव सोडलं, दोनदा नाव. दोघा जणांना दोन रविवार पुरतात. खुणा करताना फोन आणि जात लिहू नका, नाहीतर तुमचीही वही तशीच होईल.

मयतांसाठी ग्रामपंचायतीची मृत्यू नोंद घेऊन घरच्यांकडूनच नमुना ७ भरून घ्या. वेगळ्या पक्षांच्या दोन माणसांना सोबत ठेवा, म्हणजे 'यांनी काढलं, त्यांनी काढलं' हे तोंड बंद होतं. पक्षाचा केंद्रस्तरीय प्रतिनिधी, म्हणजे बीएलए, यादीच्या नेहमीच्या पुनरीक्षणात (फेरतपासणीत) दिवसाला दहापेक्षा जास्त अर्ज देऊ शकत नाही, आणि एकूण तीसच्या वर गेले तर अधिकाऱ्यानं स्वतः पडताळायचे असतात. कोणी शंभर अर्जांचा गठ्ठा तहसीलला टाकला असेल तर हाच मुद्दा लेखी मांडा.

हरकतींची यादी नमुना १० मध्ये लावलेली असते. नोंदणी अधिकाऱ्याच्या फलकावर असते, संकेतस्थळावरही. ती दर आठवड्याला कोणीतरी बघायला हवी. कोणाविरुद्ध अर्ज आलाय ते नाव जायच्या आधी कळतं ते तिथंच. गेलंच तर आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील, त्यावर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं. नमुन्यात जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्याला १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

मतदानाच्या सकाळी नाव शोधत बसू नका. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख आणि वेळ उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. मग तहसीलदारही काही करू शकत नाही, त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो.

सातपुडा_वारा

नंदुरबारकडून एक भर. वरच्या चार खुणांतली 'गाव सोडलं' ही खूण जपून करा. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडचे मजूर दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत जातात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती, म्हणजे दिवाळीनंतर तीन आठवड्यांच्या आत. बीएलओ त्या महिन्यात घरी गेला तर घराला कुलूप. हंगामी गेलेला माणूस 'स्थलांतरित' नव्हे. त्याचं राहतं घर गावातच आहे. त्याचं नाव काढणं चूक.

सुरतेत कायमचे राहणारे वेगळे. तिथं उधना-लिंबायतमध्ये अर्धा खान्देश आहे. तिथं नाव लावताना नमुना ६ भरून 'पहिल्यांदाच नोंदणी' लिहिलं तर गावचं नाव तसंच राहतं, आणि माणूस दोन राज्यांत मतदार होतो. बरोबर रस्ता नमुना ८ चा. त्यानं जुनं नाव निघून नवीन जागी लागतं. दोन ठिकाणी नाव म्हणजे लगेच लबाडी नव्हे, बऱ्याचदा चुकीचा नमुना. दोन ठिकाणी मत दिलं तर मात्र गुन्हा.

पक्षांच्या याद्यांचा खरा धोका मला इथं दिसतो. कोण बाहेरगावी आहे हे ज्याला नावानिशी ठाऊक, त्याला त्या नावावर दुसरा माणूस उभा करता येतो. त्यावर उतारा एएसडी यादी. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत यांची ती यादी केंद्राध्यक्षाकडं असते. त्यातलं नाव सांगत कोणी आलं तर ओळखपत्र काटेकोर बघायचं, सहीसोबत अंगठाही घ्यायचा आणि हमीपत्र घ्यायचं. गावातल्या मतदान प्रतिनिधीनं ती यादी सकाळीच मागून घ्यावी. ओळखीवर शंका असेल तर त्याला दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. दोन रुपयांत हल्ली चहा येत नाही, आक्षेप येतो. आणि आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलं असेल तर घरी परतू नका, प्रदत्त मतपत्रिका मागा. त्याची नोंद नमुना १७-ब मध्ये होते.

ग्रामपंचायत, झेडपी, पालिका यांचं गणित वेगळं आहे. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो विधानसभेचीच यादी प्रभागवार तोडतो, स्वतः नवीन नाव घालत नाही की काढत नाही. तिथल्या हरकतीत एवढंच चालतं: नाव चुकीच्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथं सुटलं, किंवा लेखनिकाची चूक. २०२५ च्या पालिका निवडणुकांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते ते याच आयोगानं. ते तारे म्हणजे 'बोगस' असा शिक्का नव्हता. 'कुठं मत देणार ते लिहून घ्या' एवढाच अर्थ. एकाच नावाचे दोन सख्खे चुलतभाऊ आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत.

मेहरूण_तलाव

फोन नंबरचं राहिलं होतं.

२०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा यादीतल्या माहितीला लागत नाही, कारण कायदेशीर बंधन म्हणून जाहीर केलेली माहिती त्यातून वगळली आहे. वरच्या थराला ही सूट नाही. शिबिरासाठी दिलेला नंबर प्रचाराला वापरायचा तर संमती हवी. मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणून लगेच कोणाला कोर्टात खेचू अशा भ्रमात राहू नका. तोवर साधा उपाय: वहीवर नंबर लिहिण्याआधी 'कशाला हवा' एवढं विचारायचं. ओटीपी मागितला तर द्यायचाच नाही. सर्व्हेला ओटीपी लागत नाही.

'आमचं सरकार आलं की एवढे पैसे, आता इथं नाव नोंदवा' असले अर्ज आणि कार्डं भरून घेणं थांबवा, असं निवडणूक आयोगानं २ मे २०२४ ला सगळ्या पक्षांना लेखी सांगितलं. कायद्याच्या भाषेत ते लाचेच्या अंगानं जातं. बैठकीत हे मोठ्यानं वाचून दाखवा, आणि सोबत हेही की चालू योजनेच्या लाभाशी तुमच्या मताची नोंद कुठं जोडलेलीच नसते. जोडणार कशी? ती नोंद अस्तित्वातच नाही.

प्रिंटरच्या चिठ्ठीचंही सांगतो. लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत पक्षानं दिलेली चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर हवी, तीवर चिन्ह, पक्ष किंवा उमेदवाराचं नाव नको. फोटोवाली चिठ्ठी म्हणजे उघड भंग. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर जागेवरून फोटो टाका, शंभर मिनिटांत कारवाईचं बंधन आहे. ॲप आचारसंहितेच्या काळातच चालतं. बीएलओ देतो ती मतदार माहिती चिठ्ठी वेगळी. तीवर क्यूआर कोड असतो, फोटो नसतो. आणि ती ओळखपत्र म्हणून चालत नाही. लोक तेवढीच घेऊन रांगेत उभे राहतात आणि परत पाठवले जातात.

गल्ली_नं_५

एक सुटलं. मतमोजणीवर भरवसा बसायला नमुना १७-क सारखा कागद नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एकूण किती मतं यंत्रात आहेत ते लिहून देतो, आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची प्रत मिळते. घाईत 'नंतर व्हॉट्सॲपवर पाठवतो' म्हणतील, मानू नका. सहीची प्रत घेऊनच उठायचं. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा क्रमांक, सील आणि एकूण आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. सकाळी अभिरूप (चाचणी) मतदानालाही नव्वद मिनिटं आधी हजर राहायचं. किमान पन्नास मतं टाकून, मोजून, मग यंत्र कोरं केलेलं डोळ्यांनी बघायचं. गोंधळ बहुतेकदा ही पन्नास मतं पुसायची राहिल्यानंच होतो. मग संध्याकाळी आकडा जुळत नाही आणि गावभर 'मशीन फोडलं' म्हणून बोंब.

बोरीकाठ

यादी उतरवली. सदतीस पानं निघाली. 'घर क्र. ०' वर एकशे चौदा नावं आहेत.

केळीचं_पान

मग नमुना ८ चे कोरे कागद जास्त घ्या. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टीच्या, उताऱ्यावरचे मिळकत क्रमांक ग्रामसेवकाकडून मागून ठेवा. नाव सारखंच आहे, दोन्हींत घोळ घालू नका. घर क्रमांक दुरुस्त करताना बीएलओला तेच दाखवायला सोपं पडतं.